जुन्या विहिरीजवळ निघालेलं लोखंडी कडं कशाचं?

माळरान: बुजलेल्या विहिरीशेजारी शेततळं खणताना चार फुटांवर एक कडं निघालं. आतला व्यास 52 सेंमी, गज गोल, साधारण 14 मिमी जाड. आत दोन गज फुलीसारखे, टोकं कड्याभोवती वळवून ठोकलेली. बैलगाडीच्या चाकाचं असेल का? आणि गंज कसा काढायचा?

फाळवसू: गाडीचं नाही. चाकाची धाव, म्हणजे बाहेरून चढवलेलं लोखंडी कडं, चपट्या पट्टीची आणि व्यासाने कितीतरी मोठी. तुंब्यावरच्या (चाकाच्या मधल्या लाकडी भागावरच्या) बांगड्या लहान, त्याही चपट्याच. गोल गज आणि आत फुली म्हणजे चामडी मोटेच्या, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या पिशवीच्या, तोंडाचं कडं. चामडं त्यावर ओढून शिवत आणि नाडा, म्हणजे जाड दोर, फुलीला बांधत. मोटेच्या खालच्या निमुळत्या सोंडेला सोंदूर, म्हणजे बारीक दोर. बैल उतारावर गेले की मोट वर येई आणि सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडात, मोकळी होई. भरल्या मोटेचा बहुतेक भार फुलीवर, म्हणून तिच्या मध्यावर झीज हवी. माती ओली करून हलकेच काढा आणि बघा.

काळीशिवार: कड्याला पत्र्याचे तुकडे किंवा रिव्हेट चिकटलेत का तेही पाहा. असतील तर मोट पत्र्याची. कड्याचा जोडही तपासा: टोकं एकावर एक चढवून तापवून ठोकली असतील तर तिथे गज जाड, जरा चपटा लागतो. वेल्डिंगचे खवले दिसले तर काम किंवा दुरुस्ती अलीकडची.

माळरान: पत्रा नाही. जोड जाड आहे, आणि फुलीच्या मध्यावर खालच्या अंगाला खोलगट झीज आहे.

फाळवसू: मग मोटेचंच. जपा, चामडं कुजतं आणि उरतं ते एवढंच.

भट्टी: संडास धुण्याचं ॲसिड अजिबात नको. त्यातले क्लोराइड भेगांत राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा केशरी पाणी सुटतं. ग्राइंडरने ती झीज आणि हातोड्याच्या खुणा दोन्ही जातील. कडं सावलीत पूर्ण वाळवा, पितळी ब्रशने सुटा गंज काढा. हलकेच ठोकून ऐका: खणखणलं तर आत लोखंड शाबूत आहे, भद्द वाजलं तर गंजच जास्त, मग ब्रशही जपून. त्यावर टॅनिक आम्लाचं 5 टक्के द्रावण दोन-तीन हात, मध्ये वाळू देत. गंज निळसर काळा होतो. शेवटी कडं हाताला सोसेल इतकं गरम करून मेण चोळा. इंजिन ऑइल लावलं तर धूळ धरेल आणि खाली ओल अडकेल.