समुपदेशक मराठीच हवा का? इंदूरकरांसाठी एक प्रश्न

धागाकर्ती

आई गेल्यावर सहा महिने उलटले तरी झोप लागेना, म्हणून मी गेल्या वर्षी येथील एका समुपदेशिकेकडे जाऊ लागले. त्या हिंदीभाषक आहेत आणि मीही जन्माने इंदूरचीच. शाळा, बाजार, कचेरी सारे हिंदीतच झालेले. त्यामुळे भाषा आड येईल असे मनातही आले नव्हते. दुसऱ्याच सत्रात मी म्हणाले, ‘संसार से मन उठ गया है.’ स्वयंपाक, मुलांचे डबे, आवराआवर यांत जीव रमत नाही, एवढेच मला सांगायचे होते. हिंदीत मात्र संसार म्हणजे सारे जग. बाईंनी वही मिटली आणि जीव देण्याचे विचार येतात का, कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, असे एकेक प्रश्न अगदी शांतपणे विचारले. उलगडा झाल्यावर आम्ही दोघी हसलो.

पुढचा गैरसमज मात्र हसण्यावारी गेला नाही. आईच्या शेवटच्या रात्री मी दवाखान्यातून घरी परतले होते, त्याची चुटपुट मला अजून आहे. हिंदीत शब्द सापडेना, म्हणून ‘पछतावा’ म्हटले आणि पुढची दोन महिन्यांची सत्रे मी स्वतःला अपराधी का मानते यावर खर्ची पडली. मी तसे मानतच नव्हते. पश्चात्ताप केलेल्या चुकीचा होतो, चुटपुट राहून गेलेल्या गोष्टीची लागते.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतील शब्द व वाक्ये ऐकवली होती. लहानपणी आईवडील रागावताना वापरतात तशी वाक्ये मातृभाषेत ऐकताना त्यांच्या त्वचेवरील विद्युत प्रतिसाद, म्हणजे भावना उचंबळल्याची खूण, अधिक तीव्र होता. माझे मत असे की, मन ज्या भाषेत दुखते त्या भाषेतच त्याचा उपचार व्हावा. आपण काय म्हणता?

रामबागवासी

ताई, आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण हिंदी पाळण्यातून उतरताच शिकलात. नंतर शिकलेल्या भाषेवरचा तो अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

माझे कारण मात्र वेगळे आहे. इंदूर कितीही वाढले तरी आपली मराठी मंडळी गणपतीत, हळदीकुंकवाला आणि नाटकाच्या प्रयोगाला तीच ती भेटतात. माझ्या मुलाला बारावीनंतर मानसोपचाराची गरज पडली, तेव्हा आम्ही जाणूनबुजून मराठी तज्ज्ञ टाळला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, हे मला ठाऊक आहे. परंतु तो कायदा तज्ज्ञाचे तोंड बांधतो, बाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशीचे नाही.

शिवाय परक्या भाषेची आड कधी कधी सोयीचीच असते. ज्या रुग्णेपासून बोलण्याच्या उपचाराची कथा सुरू होते, ती व्हिएन्नाची ‘अ‍ॅना ओ.’, 1880 ते 1882 या काळात डॉ. ब्रॉयर यांच्या उपचाराखाली होती. आजारात तिची मातृभाषा जर्मन काही काळ बोलण्यातून पार गेली आणि ती इंग्रजीतच बोलू लागली. या उपचाराला तिने दिलेले नावही इंग्रजीच होते. माझा मुलगा वडिलांविषयी, म्हणजे माझ्याविषयी, जे हिंदीत बोलू शकला ते मराठीत त्याच्या ओठांवर आले नसते, असे तो स्वतःच मला पुढे म्हणाला. ते ऐकणे मला सोपे गेले नाही.

एक ज्येष्ठ वाचक

आमच्या वेळी आत्या होती. तिच्यापाशी बसून रडले की माणूस मोकळा होई, तेही विनाशुल्क.

धागाकर्ती

काका, माझी निम्मी तक्रार आत्याविषयीच आहे. तिच्यापाशी कशी रडू?

व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ

मी मराठी आहे, इंदुरातच काम करते आणि माझी अडचण नेमकी उलटी आहे. मराठी माणूस समोर बसून ‘घालमेल होते’ म्हणाला की मी चटकन मान डोलावते, जणू त्याची घालमेल आणि माझी घालमेल एकच आहे. हिंदीभाषकाला मी विचारते, ‘म्हणजे नेमके काय होते, छातीत होते की पोटात?’ समान भाषेमुळे हा प्रश्न गळतो, आणि पुष्कळदा उपचाराचे खरे काम त्या प्रश्नापासूनच सुरू होते.

तरीही धागाकर्तीच्या म्हणण्यात तथ्य आहे. भावनेला नाव दिले की मेंदूतील अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची हालचाल मंदावते, असे 2007 च्या एका प्रयोगात दिसले होते. माझा अनुभव असा की ते नाव उसने असेल तर माणूस स्वतःचे दुःख सोडून त्या शब्दाचेच समर्थन करू लागतो. म्हणून सत्र हिंदीत असले तरी अडलेला शब्द मराठीतच उच्चारावा आणि त्याचा अर्थ सांगत बसावे; त्यात पंधरा मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत.

‘संसार’च्या प्रसंगी त्या बाईंनी अगदी योग्य तेच केले. जीव देण्याविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. कोणाच्या मनात तसे काही घोळत असेल तर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते.

धागाकर्ती

आपण सांगितल्याप्रमाणे मी मागच्या सत्रात ‘चुटपुट’ हा शब्द तसाच म्हटला. बाईंनी तो दोनदा उच्चारून पाहिला, वहीत लिहून घेतला आणि विचारले, ‘त्या रात्री तिथे असता, तर आईला काय म्हणाला असता?’ दोन महिन्यांत हा प्रश्न आला नव्हता.

तेव्हा माझ्यापुरता हट्ट मी सोडते. पण माझ्या सत्तरीच्या काकू साताऱ्याहून लग्न होऊन आल्या. त्यांचे हिंदी भाजीवाल्यापुरतेच आहे. त्यांनी कोठे जावे?

रामबागवासी

त्यांना नेणार कोण? सूनच ना? मग तीच शेजारी बसून त्यांचे बोलणे हिंदीत सांगणार, आणि काकूंना जे सांगायचे आहे ते बहुधा सुनेविषयीच असणार.

धागाकर्ती

म्हणूनच तर मराठी बोलणारी समुपदेशिका हवी म्हणते, दुभाषी नको.

रामबागवासी

एवढे मान्य. फक्त ती आपल्या मराठी वस्तीत, रामबागेत बसू नये, दूर विजयनगरला बसावी.