रिपोर्टमध्ये गुणसूत्रं ४६च, तरी डाऊन सिंड्रोम कसा?

चोपडा_सिस्टर
रामराम मंडळी. आमच्या उपकेंद्रातल्या चार महिन्यांच्या मुलीचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट) आलाय: ४६,एक्सएक्स,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१. चेहरेपट्टी, सैल अंग, तळहातावर एकच आडवी रेघ, लक्षणं सगळी डाऊनची. पण आकडा ४६ बघून घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे. आई २३ वर्षांची, आधी दोन गर्भपात. पुढचं मूल हवंय. त्यांना काय सांगायचं, कोणाची तपासणी करायची?

गिरणाकाठ
सिस्टर, रिपोर्ट नॉर्मल नाही. शेवटचं ‘+२१’ बघा आणि कागदावर मोजून दाखवा. १४ आणि २१ सोडून बाकीची ४२. अख्खं १४ एक, अख्खी २१ दोन, आणि १४ व २१ एकमेकांना चिकटून झालेलं एक. एकूण नग ४६, पण २१ च्या लांब भुजा (गुणसूत्राचा लांब भाग) तीन. डाऊन त्या तिसऱ्या भुजेमुळे होतो.

याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. डाऊनच्या शंभर मुलांमागे ९५ जणांत २१ चं तिसरं गुणसूत्र सुटं असतं, ३-४ जणांतच हा प्रकार. सुट्या प्रकाराचा आईच्या वयाशी संबंध आहे: ३५ व्या वर्षी साधारण साडेतीनशे बाळंतपणांत एक, ४० व्या वर्षी शंभरात एक. स्थानांतरणाला वय लागत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने तर गुणसूत्रं कधीच चिकटत नाहीत. हे सासूबाईंसमोर स्पष्ट बोला, नाहीतर सुनेला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

आता आईवडील दोघांचा कॅरिओटाइप करा. वाहकाची (स्वतःला आजार नसून असं चिकटलेलं गुणसूत्र बाळगणाऱ्याची) गुणसूत्रं ४५ भरतात, पण ऐवज पूर्ण असल्याने माणूस ठणठणीत असतो. दोन गर्भपात झालेत, त्यामुळे संशय जास्त. आई वाहक निघाली तर पुढच्या खेपेला डाऊनचा धोका १० ते १५ टक्के, वडील निघाले तर १ टक्क्याच्या आसपास. दोघं नॉर्मल असतील तर १ टक्क्याहून कमी. रिपोर्टमध्ये १४;२१ आहे हे नशीब समजा. २१;२१ चा वाहक असता तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊनचं झालं असतं.

चोपडा_सिस्टर
सासरचे म्हणतात, सुनेचंच रक्त घ्या, आमच्या मुलाचं नको.

गिरणाकाठ
दोघांचं, एकाच दिवशी. वडील वाहक असू शकतात, आणि वर दिलंय तसं धोक्याचा आकडा त्यावरच ठरतो. जो वाहक निघेल त्याच्या सख्ख्या भावाबहिणींनाही तपासणी सांगा. त्यांच्याही घरी मुलं व्हायची आहेत.

लॅब_जळगाव
सॅम्पलबद्दल सांगतो, कारण फेरतपासणी बहुतेक इथेच ओढवते. रक्त २ ते ३ मिली, हिरव्या झाकणाच्या सोडियम हेपरिनच्या ट्यूबमध्ये. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नको. पांढऱ्या पेशी जिवंत पोचल्या तरच ७२ तास वाढवून, कोल्चिसिनने विभाजनाच्या मधोमध थांबवून गुणसूत्रं मोजता येतात, आणि ईडीटीए त्या वाढीला मारक. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, गुठळी झाली की सॅम्पल वाया.

वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. एसटीच्या पार्सलमध्ये तापलेलं रक्त वाढत नाही. थर्माकोलचा डबा घ्या, आइस पॅक फडक्यात गुंडाळा, ट्यूबला टेकू देऊ नका: गोठलं तरी पेशी फुटतातच. २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोचायला हवं. म्हणून सोमवार ते बुधवारातच काढा, शनिवारी काढलेलं रविवारभर पडून राहतं. फॉर्मवर ‘१४;२१ वाहक तपासणी’ लिहा आणि मुलीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा.

बालरोग_धुळे
आईवडिलांच्या रिपोर्टसाठी मुलीचं काही थांबवू नका. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर याच आठवड्यात करा. डाऊनच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, आणि मोठं छिद्र असेल तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या सहा महिन्यांतच करावी लागते. उशीर झाला की फुप्फुसातला दाब कायमचा चढतो, मग छिद्र बुजवूनही उपयोग नसतो. चार महिन्यांचं बाळ म्हणजे हातात वेळ थोडाच. थायरॉइडची टीएसएच तपासणी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी. कानांची तपासणी. आरबीएसकेच्या (सरकारी बालआरोग्य तपासणीच्या) पथकाकडून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची (लहान मुलांच्या लवकर उपचार केंद्राची) चिठ्ठी घ्या, फिजिओथेरपी आत्तापासूनच सुरू होते.

आईवडिलांपैकी कोणी वाहक निघालं तर पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार फॉर्म ‘जी’ वर आईची संमती घेतात. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, हे घरच्यांना आधीच बजावा.

धडगाव_आरोग्य
आमच्याकडे सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) कुटुंबं बरीच. याच कॅरिओटाइपमध्ये तेही कळेल का?

लॅब_जळगाव
नाही दादा. सिकलसेल म्हणजे ११ व्या गुणसूत्रावरच्या एका जीनमधलं एकच अक्षर बदललेलं. कॅरिओटाइपमध्ये साधारण ५० लाख ते १ कोटी अक्षरांहून लहान बदल दिसत नाही. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी, ती पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. आणि तिथे मात्र ईडीटीएचीच, जांभळ्या झाकणाची ट्यूब लागते.