बॉल फिरतच नसेल तर हवेत हलतो कशानं?

गोलकिपर_पेठ
लय दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतोय. कडेनं कट मारलेली फ्री किक वळते ते कळतं, बॉल फिरतोय म्हणून वळतोय. पण आमच्यात एकजण असा मारतो की बॉल अजिबात फिरत नाही, येताना व्हॉल्व्ह चक्क दिसतो, आणि तोच बॉल छातीवर येतोय म्हणून हात पुढं करावा तर डावीकडं सरकतो नाहीतर एकदम खाली बसतो. गांधी मैदानावर सकाळी, वारं कणभर नाही, तरी हेच. मग ह्याला ढकलतंय कोण? कुणीतरी नीट सांगा की.

फिजिक्स_राजारामपुरी
ढकलतीय हवाच, दोन्ही वेळेला. फिरणारा बॉल आपल्या अंगालगतची हवा सोबत ओढतो आणि मागं सुटणारी हवा एका बाजूला फेकतो, मग बॉल उलट्या बाजूला जातो. टेनिसचा बॉल असा वळतो हे न्यूटननं १६७२ मध्येच लिहून ठेवलंय, ह्या परिणामाला नाव मात्र पडलं जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसचं, त्यानं १८५२ च्या सुमारास प्रयोग केले म्हणून. ताशी ९० किमीनं मारलेल्या, चांगल्या फिरणाऱ्या फुटबॉलवर हा बाजूचा जोर जवळपास तीन न्यूटन (जोर मोजायचं एकक) येतो आणि बॉलचं वजनच सव्वाचार न्यूटन, म्हणजे किती मोठा जोर आहे बघा. वीस मीटरात दोन मीटर वळतोय त्यात नवल नाही.

आता तुझा बॉल. पंचगंगेच्या पुलाच्या खांबामागं पाणी कसं घुमतं, तशी बॉलच्या मागं हवा घुमत असते. ती हवा बॉलचं अंग कुठं सोडणार हे शिवणीवर ठरतं. एका बाजूला शिवण आली की हवा जरा उशिरा सुटते, दुसऱ्या बाजूला लवकर, मागचा सगळा पट्टा तिरका होतो आणि बॉलला बाजूला धक्का बसतो. बॉल भराभर फिरत असता तर धक्क्याची दिशा ठरलेली राहिली असती. इथं तो जेमतेम पाव-अर्धा वळसा घेतो, तेवढ्यात शिवण सरकते आणि धक्का उलटा बसतो. शिवाय मागची हवा स्वतःच डगमगत असते. म्हणून मारणाऱ्यालाही सांगता येत नाही की बॉल कुठं जाणार.

डावा_पाय
मारायचं कसं ते मी सांगतो. घोटा कडक, पायाच्या वरच्या हाडानं बॉलच्या बरोब्बर मधोमध, आणि बॉल लागला की पाय जास्त पुढं न्यायचा नाही. जरा जरी कडेला लागला की फिरायला लागतो, मग संपलं. आणि भावा किपरसाठी, असला बॉल पकडायला जाऊच नको. हलतो तो साधारण एक बॉलभरच, पण तेवढ्यात तळव्याऐवजी बोटांवर येतो आणि निसटतो. अंग मागं ठेव आणि बाहेरच्या बाजूला ढकल, समोर अजिबात टाकू नको, तिथं त्यांचा फॉरवर्ड टपूनच असतोय.

मॅचवेडा_शाहू_स्टेडियम
बॉल कुठला आहे त्यावर पण लय आहे. २०१० च्या वर्ल्ड कपचा जाबुलानी आठवतोय का, सगळे किपर वैतागलेले. जुन्या बॉलला ३२ तुकडे, त्याला ८ च, म्हणजे शिवण कमी आणि अंग गुळगुळीत. नासाच्या एम्स सेंटरमध्ये तपासला तर ताशी ७० ते ८० किमीच्या आसपास तो सगळ्यात जास्त हलायचा, आणि फ्री किक किपरपर्यंत येते त्याच वेगात. २०१४ च्या ब्राझुकाला तुकडे ६ च होते तरी तो सरळ जायचा, कारण शिवणी लांब आणि खोल. तेव्हा नुसते तुकडे मोजून काय उपयोग नाही.

फिजिक्स_राजारामपुरी
बरोबर. एकदम खाली बसतो त्याचं कारणही ह्यातच आहे. वेग ठराविक मर्यादेच्या वर असतो तोवर हवेचा विरोध कमी राहतो, त्याखाली आला की विरोधाचा आकडा दुपटीपेक्षा जास्त होतो. बॉल गुळगुळीत असला की ती मर्यादा वरच्या वेगाला सरकते, मग किपरसमोरच ब्रेक लागल्यासारखं होतं.

तांबडा_पांढरा
लहान पोरांचा प्लॅस्टिकचा गुळगुळीत बॉल कट मारला तर कधीकधी उलटाच वळतो, ते पण हेच का?

फिजिक्स_राजारामपुरी
होय, तेच. गुळगुळीत बॉलला ठराविक वेगात माग्नुसचा परिणाम उलटा होतो. एका बाजूची हवा खवळते, दुसऱ्या बाजूची शांत राहते, आणि मागचा पट्टा भलत्याच बाजूला झुकतो. शिवण असलेल्या बॉलला सहसा असं होत नाही.

गोलकिपर_पेठ
आत्ता डोक्यात शिरलं, लय आभार सगळ्यांचे. एकच राहिलं, मुंबईला खेळायला गेलं की फ्री किक जास्त वळल्यासारखी वाटते, ते खरं का नुसता भास?

फिजिक्स_राजारामपुरी
थोडं खरं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळं तापमान सारखं धरलं तर आपली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ. दोन मीटर वळणाऱ्या बॉलला तिथं दहा-बारा सेंटिमीटर जास्त मिळतात. गोलचा खांब नियमानं जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावरून काय ते समज.