अमेरिकेला निघण्याआधी फ्लू आणि कोविडची लस एकाच दिवशी घेतली तर चालते का?

पूर्णाकाठ
आई (६३) आणि वडील (६८) २७ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईहून न्यू जर्सीला जाणार आहेत, सहा महिन्यांसाठी. भाऊबीज आटोपून २५ तारखेला परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने निघतील. वडिलांना शुगर आहे, हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. आईला फक्त बीपी. दोघांनी २०२१ मध्ये कोविशिल्डचे दोन डोस घेतले, त्यानंतर काही नाही. फ्लूची लस आजवर कधीच घेतलेली नाही. दोन्ही लसी एकाच दिवशी घेता येतात का, की मध्ये अंतर ठेवायचं? आणि नेमकी कधी घ्यावी? इथे एक जण महिनाभर थांबा म्हणतो, दुसरा म्हणतो काही गरज नाही.

शीतपेटी
एकाच दिवशी चालतात. फ्लूची मारलेल्या विषाणूची लस आणि कोविडची लस एकाच भेटीत द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिली. महिनाभराचं अंतर कुठून आलं तेही सांगतो. २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडची लस आणि इतर कुठलीही लस यांत १४ दिवस ठेवा असा नियम होता. लस नवी होती, त्रास झाला तर तो कोणत्या लसीचा हे कळावं म्हणून. तो नियम लोकांच्या डोक्यात बसला आणि सांगता सांगता १४ चे ३० झाले.

फक्त दोन गोष्टी पाळा. एक लस डाव्या दंडात, एक उजव्या. एकाच दंडात द्यायची वेळ आली तर दोन सुयांमध्ये किमान एक इंच जागा. आणि दोन्ही औषधं एका सिरिंजमध्ये कधीच एकत्र करायची नाहीत. एकदम घेतल्यावर कणकण, अंगदुखी, थकवा थोड्या जास्त जणांना जाणवतो. एक-दोन दिवसांत उतरतो.

तारखेचं गणित सोपं आहे. लसीचा पुरता परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणजे १३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख धरा. फार लवकरही नको, फ्लूच्या लसीचं संरक्षण महिन्यागणिक कमी होत जातं आणि तिकडे साथीचा जोर सहसा डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो. दसरा २ तारखेला आहे, दुसऱ्या दिवशी शुक्रवारी घेऊन टाका.

मोंढा_मेडिकल
वरचं बरोबर आहे, पण खरा घोळ दुकानात होतो. तीन गोष्टी बघा.

पहिली, खोक्यावरचा हंगाम. फ्लूच्या लसीची शिफारस वर्षातून दोनदा बदलते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे दोन्ही येतात, कारण आपला फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि पुन्हा थोडा थंडीत. अमेरिकेसाठी खोक्यावर २०२५-२६ उत्तर गोलार्ध असं हवं. नसेल तरी घाबरू नका. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनणाऱ्या लसींसाठी २०२५ च्या दक्षिणेच्या आणि २०२५-२६ च्या उत्तरेच्या शिफारशीत तिन्ही विषाणू तेच आहेत: व्हिक्टोरिया ४८९७, क्रोएशिया १०१३६ आणि ऑस्ट्रिया १३५९४१७. खोक्यावर ही तीन नावं आणि पुढची एक्स्पायरी जुळली की झालं. मात्र २०२४ चा माल स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा.

दुसरी, लस फ्लूच्या तीन प्रकारांच्या विषाणूंवरची की चार. चौथा प्रकार बी-यामागाटा मार्च २०२० नंतर जगात सापडलेला नाही, म्हणून आता तीनचीच शिफारस आहे. चारवाली मिळाली तर चालेल, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठता कामा नये. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठी देतात, लस मेडिकलवरून आपणच न्यायची. लोक ती पाण्याच्या बाटलीसारखी बर्फात खुपसून नेतात, किंवा दवाखान्यातल्या एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवतात. गोठलेली लस वितळल्यावर दिसायला तशीच दिसते, पण ती टाकूनच द्यायची. आईसपॅक फ्रीजरमधून काढून वरचं दव सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवा, मग लसीचं खोकं कापडात गुंडाळून थर्मासमध्ये. दुकानदाराला सरळ विचारा, काल रात्री लाइट किती वेळ गेली होती आणि फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का. चिडला तर दुसरं दुकान बघा. त्यापेक्षा बरं म्हणजे जिथे लस ठेवतात त्याच दवाखान्यात टोचून घ्यायची.

बालाघाट_७
एकाच दिवशी घ्या म्हणणं ठीक, पण कोविडची लस आणणार कुठून? परभणी-हिंगोलीकडे शोधत बसू नका. संभाजीनगर किंवा पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात फोन करून कोणती लस, कोणती बॅच, एक्स्पायरी काय एवढं विचारल्याशिवाय गाडीत बसू नका.

अमेरिकेत शिरायला कोविडच्या लसीचा दाखला लागत नाही, १२ मे २०२३ पासून ती अट गेली. म्हणजे हा प्रश्न कागदाचा नाही, तब्येतीचा आहे. माझं मत: फ्लू इथे, कोविड तिथे. तिकडची २०२५-२६ च्या हंगामाची कोविडची लस ओमायक्रॉनच्या जेएन.१ कुळावर बेतलेली आहे. कोविशिल्ड २०२० च्या मूळ विषाणूवर होती. फ्लू आणि कोविडच्या लसींमध्ये अंतर ठेवायचं नसल्यामुळे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घेता येते. वडील ६५ च्या वरचे, त्यांना अडचण नाही. आईचं वय ६५ च्या आत आहे, तिथे जोखमीचा आजार विचारतात. बीपीची जुनी चिठ्ठी सोबत असू द्या. खर्च मात्र धरून ठेवा, विमा नसेल तर कोविडच्या एका डोसला दीडशे डॉलरच्या पुढे जातात आणि प्रवासी विमा सहसा प्रतिबंधक लसीचे पैसे देत नाही.

पूर्णाकाठ
पटलं. मग वडिलांची फ्लूची लसही तिथेच का घेऊ नये? ६५ वरच्यांसाठी वेगळी असते असं वाचलं. आणि वॉरफरिनवर दंडात सुई चालते का?

शीतपेटी
वेगळी असते. साध्या लसीत प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम, तिकडच्या जास्त मात्रेच्या लसीत ६०. ६५ वरच्यांना तिकडे ही किंवा अशीच जास्त ताकदीची लस आधी सुचवतात. फक्त ती तिथे घेतली तर आगगाडी, विमानतळ, लांबचा विमानप्रवास आणि नातवंडांच्या शाळेतून येणारा खोकला, हे पहिले दोन-तीन आठवडे उघडेच गेले. म्हणून मी इथली घेईन. इथे घेतली की तिथे त्याच हंगामात परत नको.

वॉरफरिनवर चालते. अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत हवा, एवढी अट. २३ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी सुई बारीक) किंवा त्याहून बारीक सुई मागा. टोचल्यावर कापूस घट्ट दाबून दोन मिनिटं धरायचा, चोळायचं नाही. आपल्याकडे नर्स सवयीने चोळते, आधीच सांगा. गोळी बंद करायची नाही.

ताप आला तर पॅरासिटामॉल ५००, दिवसातून दोन-तीनदा, एक-दोन दिवस. लस घेण्याआधीच गोळी नको. आणि मेडिकलवरची दोन औषधं एकत्र असलेली अंगदुखीची गोळी वडिलांना अजिबात देऊ नका. तिच्यात बहुधा अॅसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असतं, वॉरफरिनबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शुगर दोन दिवस थोडी वर दिसेल, तेवढ्यावरून डोस बदलू नका.

मोंढा_मेडिकल
एक राहिलं, आईंना सैल बाहीचा ब्लाउज घालायला सांगा. घट्ट बाही वर सरकत नाही, मग गळ्याकडून खांदा उघडा करतात आणि सुई सांध्यापाशी लागते. त्या जागी लागली तर खांदा महिनोन्‌महिने दुखतो, लोक दोष लसीला देतात. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या फुगीर भागात द्यायची. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवा. उपाशी नेऊ नका, नवरात्राचे उपवास असतील तर दसऱ्यानंतरचीच तारीख बरी.

सिरिंजवरचं बॅचचं स्टिकर डॉक्टरांच्या लेटरहेडवर चिकटवून सही-शिक्का घ्या. तारखेत महिना अक्षरात लिहायला लावा. नुसतं ३-१०-२०२५ लिहिलं तर तिकडे ते १० मार्च वाचतात आणि लस मागच्या हंगामाची धरतात.

पूर्णाकाठ
३ ऑक्टोबरची वेळ घेतली, दवाखान्याचा फ्रिज थर्मामीटरवाला आहे. वडिलांचा आयएनआर ३० सप्टेंबरला करून घेतो.