‘स्वस्थ’ म्हणजे शांत की निरोगी? (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शुद्धिपत्र

‘स्वस्थ राहा’, ‘स्वस्थ हृदय’, ‘स्वस्थ आहार’ अशा पाट्या आणि जाहिराती आता सर्रास दिसतात. माझं म्हणणं सरळ आहे. मराठीत स्वस्थ म्हणजे शांत, चुळबूळ नसलेला, जिवाला घोर नसलेला. ‘स्वस्थ बस’, ‘स्वस्थ पडून राहा’, ‘त्याला स्वस्थता म्हणून नाही’ यांत तब्येतीचा संबंध कुठे येतो? तब्येतीसाठी निरोगी, धडधाकट, ठणठणीत असे शब्द आहेतच. आपण जागतिक आरोग्य संघटना म्हणतो, तिलाच हिंदीत विश्व स्वास्थ्य संगठन म्हणतात. फरक तिथेच दिसतो.

नुसता शुद्धतेचा हट्ट नाही हा. अर्जात ‘तुम्ही सध्या अस्वस्थ आहात का?’ असं छापलं, की ताप असलेला पण मनाने निश्चिंत माणूस ‘नाही’वर खूण करतो आणि धडधाकट पण चिंतेत असलेला ‘हो’वर. शिवाय बोलताना ‘थ’ नीट उमटला नाही तर ‘स्वस्थ आहार’चा ‘स्वस्त आहार’ होतो. रेडिओच्या जाहिरातीत तर ऐकणाऱ्यासमोर अक्षरही नसतं.

दोषधातू

हिंदीवर खापर फोडण्याआधी सुश्रुतसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थानातला 15वा अध्याय बघा: ‘समदोषः समाग्निश्च समधातुमलक्रियः। प्रसन्नात्मेन्द्रियमनाः स्वस्थ इत्यभिधीयते॥’ दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती), धातू (रस, रक्त, मांस वगैरे) सम, मलक्रिया ठीक, आणि आत्मा-इंद्रिये-मन प्रसन्न. असा माणूस स्वस्थ. शरीर आधी, मन त्याच्या जोडीला. हिंदीने अर्थ बनवला नाही, जुना जपला.

आणि मराठीत तो नाहीच असं कसं म्हणता? ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे अध्यक्ष अनुपस्थित’ हे काय हिंदी वाक्य आहे?

शुद्धिपत्र

संस्कृतच काढायचं तर गीतेतही (14.24) ‘समदुःखसुखः स्वस्थः’ आहे. तिथे गुणातीताचं, म्हणजे सत्त्व-रज-तमाच्या पलीकडे गेलेल्याचं वर्णन चाललंय, नाडीपरीक्षा नाही. स्व + स्थ, म्हणजे आपल्या ठायी असलेला. दोन्ही अर्थ त्यातूनच फुटले आणि मराठी एका फाट्याने गेली. संस्कृतातला राग म्हणजे आसक्ती, आपला राग म्हणजे संताप. उद्या तोही दुरुस्त करणार का?

तुमचं उदाहरण तर माझ्याच कामाचं. ‘प्रकृति’ आधी लावावं लागतं, कारण नुसतं ‘अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित’ लिहिलं तर वाचणारा थबकतो.

उंबरठा

उपसर्गासारखं काही न लावताही चालतं की. ‘अस्वस्थ वाटू लागल्याने रुग्णालयात दाखल’ ही बातमी रोजची. तिथे कुणी मनाची घालमेल समजत नाही.

शुद्धिपत्र

‘वाटू लागल्याने’ आहे ना. घाम, मळमळ, छातीत कसंतरी होणं, म्हणजे आतून जाणवणारी बेचैनी. निदान झाल्यावर तीच बातमी ‘ते आजारी आहेत’ म्हणते. ‘ते अस्वस्थ आहेत’ म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो: कशामुळे? कोण काय बोललं?

खिळेजुळारी

वाद चालू द्या, पण मजकूर तपासणाऱ्यांनी संगणकावर ‘स्वस्थ’ शोधून सगळीकडे ‘निरोगी’ घालू नका. ‘अस्वस्थ’चं ‘अनिरोगी’ होतं आणि ‘स्वस्थचित्त’चं ‘निरोगीचित्त’. एकेक जागा बघावी लागते. वाक्यात आधी ‘निवांत’ घालून बघा, मग ‘निरोगी’. ‘निवांत बसला’ चालतं, म्हणून ‘स्वस्थ बसला’ राहू द्या. ‘निवांत हृदय’ हास्यास्पद होतं, म्हणून तिथे ‘निरोगी हृदय’. (अर्थ अगदी तोच नाही. निवांतमध्ये हाताशी वेळ असतो. स्वस्थ माणसाला घाई असू शकते, घालमेल नसते. चाचणीपुरतं ठीक.)

दोन्ही बसले तर मात्र अडचण. ‘स्वस्थ मन’, ‘स्वस्थ समाज’. इथे लेखकालाच विचारावं. अंदाजाने बदललं तर वाक्य भलतीकडे जातं. ‘सरकार स्वस्थ बसले’ तर तिसरंच, ती शांततेची स्तुती नसून निष्क्रियतेचा ठपका आहे.

लेखनाचंही बघा: ‘स्वास्थ’ चूक, ‘स्वस्थ्य’ही चूक. विशेषण स्वस्थ, नाम स्वास्थ्य किंवा स्वस्थता.

उंबरठा

म्हणजे ‘स्वस्थ मन’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात हे तुम्हीच मान्य केलंत. मग शुद्धिपत्र म्हणतात तशी भिंत नाहीच. ‘मनःस्वास्थ्य’ मराठीत रुळलेला शब्द आहे, त्यात शांतता किती आणि आरोग्य किती हे वजन करून सांगा.

शुद्धिपत्र

‘मनःस्वास्थ्य बिघडलं’ म्हणजे शांतता गेली. आजाराबद्दल बोलायचं तर ‘मानसिक आरोग्य’ आहे. सरमिसळ होते, कबूल. म्हणून ती वाढवायची कशाला?

दोषधातू

‘स्वस्थ आहार’ मी सोडतो. सुश्रुतातही स्वस्थ माणूस असतो. अन्न पथ्यकर, हितकर. मराठीत सकस किंवा पौष्टिक म्हणा. माणसाबद्दल मात्र मागे हटणार नाही. आणि खिळेजुळारींच्या यादीत एक भर: ‘स्वस्थवृत्त’ला हात लावू नका. बीएएमएसच्या (आयुर्वेदाच्या पदवीच्या) अभ्यासक्रमात ते विषयाचं नाव आहे, आणि त्यात दिनचर्या, ऋतुचर्या शिकवतात, स्वस्थ बसायला नाही.