हेन्री फोर्डला एवढा मान का?

रानवारा: आजोबा मोटारी बनवणाऱ्या फोर्डचं नाव फार आदराने घेत. १९१४ मध्ये कामगारांना रोज ५ डॉलर मजुरी दिली, एवढ्यानेच का?

पाना-पक्कड: मजुरीमागचं कारण बघा. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली, म्हणजे गाडी पुढे सरकते, कामगार जागेवरच. साडेबारा तासांची चेसिस (गाडीचा सांगाडा) ९३ मिनिटांत होऊ लागली. पण दिवसभर तेच ते काम, माणसं टिकेनात. म्हणून पगारवाढ. तीही सरसकट नाही, कंपनीची माणसं घरी येऊन राहणी तपासत! मला हे फार खुपतं.

डिअरबॉर्नकर: इथल्या डिअरबॉर्नच्या संग्रहालयात फोर्डची मॉडेल टी गाडी जवळून पाहिली. पायाशी तीन पेडल, अ‍ॅक्सिलरेटर मात्र स्टिअरिंगखाली, हाताने ओढायचा. साधी, दणकट, शेतकऱ्याला परवडणारी गाडी. तो मान खराच. पण फोर्डच्याच साप्ताहिकाने १९२० पासून ज्यूद्वेष पसरवला. १९२७ मध्ये त्याला जाहीर माफी मागावी लागली.