इंदूर : छोट्या इंटरनेट सेवेवर डीडॉसचा (अनेक यंत्रांकडून एकदम खोटा ट्रॅफिक पाठवून नेट बसवण्याचा) मारा आणि स्पॅमची तक्रार, काय करावं?

सुदामानगरकर :
सुदामानगर ते सियागंज आमची छोटी फायबर सेवा आहे. दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या), एक /२४ (२५६ आयपी पत्त्यांचा गट), बाकी सगळं सीजीनॅटवर (एकाच आयपीमागे अनेक ग्राहक). संध्याकाळी पोरं गेम खेळायला बसली की यूडीपीचा (आधी जोडणी न करताच पाठवता येणाऱ्या पॅकेटचा) लोंढा येतो आणि सगळ्यांचंच नेट बसतं. शिवाय काही आयपी स्पॅमच्या काळ्या यादीत गेलेत, व्यापाऱ्यांचे मेल परत येताहेत. महागडं फायरवॉल घ्यावं का?

रामबागवाला :
दादा, फायरवॉलवर पैसे घालू नका. लिंक १० जीबीपीएसची आणि मारा ४० चा असेल, तर पॅकेट तुमच्यापर्यंत यायच्या आधीच लाइन तुंबलेली असते. अडवायचं ते वर, अपस्ट्रीमकडेच. बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) ब्लॅकहोल कम्युनिटी, म्हणजे ‘या पत्त्याचं सगळं टाकून द्या’ असं सांगणारी खूण, देतात का विचारा. ६५५३५:६६६ हा २०१६ पासूनचा ठरलेला आकडा, पण बरेच जण आपला वेगळा ठेवतात, म्हणून लेखी घ्या. माऱ्यातला आयपी /३२ (एकच पत्ता) म्हणून त्या कम्युनिटीसह जाहीर केला की त्याच्याकडे येणारं सगळं अपस्ट्रीमच टाकून देतात.

मात्र सीजीनॅटमध्ये त्या एका आयपीमागे शेकडो घरं असतात, तीही बंद पडतील. म्हणून आधी तो आयपी पूलमधून (ग्राहकांना वाटायच्या आयपींच्या गटातून) काढा, ग्राहक दुसऱ्यावर न्या, मग ब्लॅकहोल करा. गेमवाल्यांचा पूल वेगळाच ठेवा. कुठल्या आयपीवर मारा आहे हे फास्टनेटमॉन या मारा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्तीही सांगते. अख्ख्या /२४ वर पसरलेला मारा असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, तिथे अपस्ट्रीमचं स्क्रबिंगच (माऱ्याचा ट्रॅफिक गाळून चांगला तेवढा पुढे पाठवणं) लागतं.

टिळकनगर_ताई :
स्पॅमसाठी घरगुती ग्राहकांचं बाहेर जाणारं पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बंद करा. मेल ॲप ५८७ किंवा ४६५ वापरतात, कुणाचं अडत नाही. स्वतःचा मेल सर्व्हर असलेल्यांनाच ते उघडून द्या. त्यानंतरच यादीतून नाव काढायचा अर्ज करा, नाहीतर आयपी पुन्हा यादीत जातील. राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) बाहेरच्यांना उत्तरं देतोय का तेही आजच तपासा, तसं असेल तर दुसऱ्यांवरच्या माऱ्यात तुमचीच लाइन वापरली जाते. आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा नियम पाळा : घटना ६ तासांत कळवणं, १८० दिवसांचे लॉग ठेवणं.

सुदामानगरकर :
ताई, दादा, मनापासून आभार. एका अपस्ट्रीमकडे कम्युनिटी आहे. दुसरा म्हणतो ईमेल करा, आणि रात्री उत्तरच येत नाही.

रामबागवाला :
करार संपला की तो दुसरा अपस्ट्रीम बदला. तोवर मारा आला की त्याच्याकडे बीजीपीवर केलेली /२४ ची जाहिरात मागे घ्या, म्हणजे सगळं पहिल्या लिंकवरून येईल आणि तिथे ब्लॅकहोल करता येईल. तिच्यावर संध्याकाळचा पूर्ण भार मावतो का, हे आधी ग्राफवर बघून ठेवा.